नर्सबाईंची एक नोंद

कोणाच्याही घरी गेल्या की नर्सबाई आधी चपला काढायच्या, जमिनीवर बसायच्या आणि पाणी मागायच्या. पेला रिकामा होईपर्यंत एक शब्द बोलायच्या नाहीत. बाळाला लस टोचायची असो, तापाच्या गोळ्या द्यायच्या असोत की वाईट बातमी सांगायची असो, क्रम बदलायचा नाही. "आधी पाणी पाज मले, मंग बोलू," हे वाक्य त्या भागातल्या लहान पोरांनाही पाठ होतं. बाई फाटकातून आत येताना दिसल्या की पोरं पेला घेऊनच बाहेर यायची.

मी एकदा कारण विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "उभ्या माणसाचं कोणी ऐकत नाई, भाऊ."

नोकरीची पहिली आठ वर्षं त्यांनी भामरागडकडच्या एका उपकेंद्रात काढली होती. पावसाळ्यात नदी चढली की ते गाव तुटायचं. अशाच एका पावसाळ्यात दवाखान्यात नेलेलं एक मूल वाचलं नाही. पाणी उतरल्यावर बाई त्याच्या आईला सांगायला गेल्या. ती धान कांडत होती. बाईंनी दारात उभ्या राहून तोडक्यामोडक्या गोंडीत सांगितलं. तिनं मान हलवली आणि कांडत राहिली. भाषेत चुकलं असेल म्हणून बाईंनी पुन्हा सांगितलं. ती कांडतच राहिली. शेवटी थकून बाई खाली बसल्या आणि त्यांनी 'येर' मागितलं, म्हणजे पाणी. पाणी आणायला उठताना त्या बाईच्या हातातून मुसळ सुटलं.

"तवा समजलं," नर्सबाई म्हणाल्या. "उभ्या उभ्या सांगणारा निंगून जाणार, हे माणसाले मालूम असते. मंग तो ऐकून काय करंन?"

आमची ओळख भांडणातून झाली. एका गावात हगवणीची साथ आली होती. मी तालुक्याहून बातमी दिली, रुग्ण सतरा. दुसऱ्या दिवशी बाई बसस्टँडवर भेटल्या. ओळख नाही, नमस्कार नाही.

"पेपरवाले भाऊ तुम्हीच का?"

"हो."

"बारा होते. पाच जण माह्या गोळ्या न्याले आले होते, दुखत काही नव्हतं. तुम्ही रांग मोजली."

खरं होतं. मी रांगच मोजली होती. त्यानंतर त्यांच्या भागातली कुठलीही संख्या मी त्यांना विचारल्याशिवाय छापली नाही. आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असं एखादं माणूस असतं, ज्याच्यासमोर अंदाजानं बोलायची सोय नसते. माझ्यासाठी ते माणूस म्हणजे नर्सबाई.

आता मुख्य गोष्ट. गावाचं आणि माणसांचं नाव लिहीत नाही. मजकूर घरच्यांना वाचून दाखवला आहे आणि त्यांच्या होकारानंतरच छापायला दिला आहे.

दूरच्या एका शहरात प्रवासी विमान कोसळलं. यादीत आमच्या जिल्ह्यातलं एकच नाव होतं. मुलगा चोवीस वर्षांचा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तलावाकाठच्या गावचा, ढिवर कुटुंबातला. बाप तलावात मासे धरायचा आणि दोन एकरांत धान लावायचा. मुलगा मोहर्लीच्या एका रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात पाच वर्षं होता. तिथं राहून गेलेल्या एका पाहुण्याच्या ओळखीनं त्याला परदेशातल्या हॉटेलात काम मिळालं होतं. विमानात बसायची त्याची ती पहिलीच वेळ.

तहसीलमधून निरोप आला तो त्या गावाच्या उपकेंद्रावर, नर्सबाईंना. ओळख पटवायला आईवडिलांचं रक्त घ्यावं लागणार होतं, हे एक कारण. दुसरं कारण साहेबांनी लिहिलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. त्या घरात जाऊन सांगायला दुसरं कोणी तयार नव्हतं.

मी पोचलो तेव्हा त्यांचं सांगून झालं होतं. काय सांगितलं ते मला नंतर शेजाऱ्यांकडून कळलं. पाणी पिऊन झाल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "विमान पडलं. तुमचा पोरगा त्यात होता. कोणी वाचलं असं आतापर्यंत कोणी म्हनलं नाई. मले एवढंच मालूम आहे. जास्त समजलं की जास्त सांगीन." आणि मग त्या तिथंच बसून राहिल्या होत्या, चार तास.

दुपारी टीव्हीवाले आले. तिघं होते. एकानं आईसमोर माईक धरला आणि कसं वाटतंय ते विचारलं. बाई उठल्या.

"तिले काय वाटते ते मी सांगतो. तिले तहान लागली आहे. घरातलं पाणी सकाळीच सरलं, भराले कोणी गेलं नाई. तुम्ही तिघं धट्टेकट्टे आहा. कॅमेरा ठेवा, हे पाण्याचे गुंड घ्या, बोरिंग त्या वळणावर आहे."

ते भरून आले. चार खेपा केल्या. मग माईक पुन्हा काढायचा धीर त्यांच्यापैकी कोणाला झाला नाही. जाताना कॅमेरावाल्यानं आईच्या पायांना हात लावला.

विमान कंपनीनं प्रत्येक कुटुंबासाठी एक माणूस नेमला होता. इथं नागपूरची एक मुलगी आली. पंचविशीची, इस्त्रीचे कपडे, हातात फाईल. खुर्चीच्या कडेला बसून तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "या कठीण प्रसंगी आम्ही आपल्यासोबत आहोत."

नर्सबाई म्हणाल्या, "सोबत आहेस तं खाली बस ना, पोरी."

मुलगी खाली बसली. थोड्या वेळानं बाईंनी तिच्यापुढं निवडायच्या तांदळाचं सूप सरकवलं. घरात माणसं जमत होती, भात शिजवावा लागत होता. अंगणाच्या मागच्या बाजूला मुलाची आत्या, म्हणजे बापाची विधवा बहीण, चुलीपाशी बसली होती. ती याच घरात राहायची. तिच्या शेजारी बसून कंपनीची मुलगी खडे वेचायला शिकली.

बाईंनी तिला आणखी एक गोष्ट शिकवली. रोज संध्याकाळी पाच वाजता घरच्यांसमोर बसायचं आणि कंपनीकडून जे कळलं असेल ते सांगायचं.

"आणि काही कळलं नसेल तर?"

"काही नाई, हे पण सांगा लागते. नाई सांगितलं तं लोकं दिवसभर तुह्याच तोंडाकडं पाहतीन."

सलग सहा दिवस तिनं पाच वाजता सांगितलं, "आज काही कळलं नाही." तिला त्याची लाज वाटायची. पण मी पाहिलं, पाच वाजायच्या आधी बाप तोंड धुऊन, टोपी घालून बसायचा. दिवसाला टेकायला तेवढाच एक खांब होता.

रक्ताचे नमुने दुसऱ्याच दिवशी घेतले होते. फॉर्मवर दोन नावं, आई आणि वडील. सुई टोचायला तालुक्याचा माणूस आला होता, पण आईनं हात पुढं केला तो नर्सबाईंकडं. "तूच घे. माह्या पोरासाठी जेवढं लागंन तेवढं घे." बाईंनी तिच्याकडं क्षणभर पाहिलं. मग रक्त घेतलं. तेव्हा मला त्या क्षणात काही वेगळं दिसलं नाही.

नवव्या दिवशी कंपनीच्या मुलीला फोन आला. नमुने जुळत नव्हते. त्या नावाच्या आसनावरचा प्रवासी या आईबापांचा मुलगा ठरत नव्हता.

ते तिनं पाच वाजता सांगितलं. मी ते छापलं. बातमी चार ओळींची होती आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा होता.

दुसऱ्या दिवशी त्या घरात गेलो तर अंगण सारवलेलं. आईनं मुलाचे तीन शर्ट धुऊन दोरीवर टाकले होते. बाप पहाटेच तलावावर जाऊन आला होता आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, "तो बसलाच नाई विमानात. भेकड आहे तो पहिल्यापासून. मंडईच्या जत्रेत पाळण्यात बस म्हनलं तं रडे." आई कंपनीच्या मुलीला विचारत होती, परदेशात फोन हरवला तर माणूस घरी कसं कळवतो. मुलगी माझ्याकडं पाहत होती.

समोरच्या पारावर गावातली म्हातारी माणसं बसली होती. आदल्या दिवसापर्यंत ती अंगणात येऊन बसायची. आज कोणी आत येत नव्हतं. मला वाटलं, आनंदात अडचण नको म्हणून असेल. मी रांग मोजण्यातली चूक पुन्हा करत होतो.

दहाच्या सुमारास नर्सबाई आल्या. हातात आमचा पेपर घडी करून धरलेला.

"बातमी खरी आहे तुमची," त्या म्हणाल्या.

"पण?"

"पण काही नाई. खरी आहे. तुम्ही छपरीत बसा."

मी छपरीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर, बसलो. दार उघडंच होतं. त्यांनी चपला काढल्या, आत जाऊन बसल्या, पाणी मागितलं. आईनं उत्साहानं तांब्या आणला. बाई पाणी प्यायल्या. त्या दिवशी त्यांना बराच वेळ लागला.

"पोरगा विमानात होता," त्या म्हणाल्या.

"जुळलं नाई म्हनते ना कंपनी?"

"तुह्याशी कसं जुळंन?"

दोरीवरचे शर्ट हलत होते. आई म्हणाली, "तुले याद आहे?"

"मीच काढलं त्याले. मले याद नाई राहीन तं कोणाले राहीन?"

"मंग माहं रक्त काऊन घेतलं?"

"तू हात पुढं केला. माह्यानं नाई म्हनवलं नाई. चुकलं माहं. नऊ दिवस फुकट गेले तुहे, आणि वरून ही आस लावली."

इथं चोवीस वर्षांपूर्वीची हकिकत सांगणं भाग आहे. मला ती नर्सबाईंनी त्याच दिवशी, उपकेंद्राकडं चालताना सांगितली. बापाची बहीण पोटुशी असताना विधवा झाली आणि दोन लेकरं घेऊन भावाकडं राहायला आली. भावाला आणि भावजयीला लग्नाला आठ वर्षं होऊनही मूल नव्हतं. तिसरं मूल, हा मुलगा, याच घराच्या मागच्या खोलीत जन्मला. बाळंतपण नर्सबाईंनी केलं. नाळ कापून, बाळ पुसून होताच बहिणीनं ते भावजयीच्या ओटीत घातलं. पुन्हा त्यावर बोलायचं नाही असं घरात ठरलं. बाईंनी रजिस्टर उघडलं, तेव्हा बाळ भावजयीच्या मांडीवर होतं. आईच्या रकान्यात त्यांनी तिचं नाव लिहिलं.

"ज्याच्या ओटीत त्याचं नाव, असं वाटलं तवा," त्या म्हणाल्या. "लेकरू मोठं झालं, शाळेत गेलं, कागद कुठी अडला नाई. मी पण विसरलो असतो."

मुलाला हे कधीच कळलं नव्हतं, आणि आईबापांनीही तो आपलाच असं इतकं मानलं होतं की रक्ताचा विचार त्यांच्या मनात आला नाही. पारावरच्या म्हाताऱ्यांना मात्र सगळं ठाऊक होतं. नमुने का जुळले नाहीत हे त्यांना माझी बातमी वाचल्याबरोबर समजलं होतं. तोंड उघडायला कोणी तयार नव्हतं, म्हणून ते त्या अंगणात पाऊल टाकत नव्हते.

आत आई विचारत होती, "आता त्याले आणाले तिचं रक्त लागते?"

"हो."

"म्हंजे कागदावर तो तिचा होईन."

"होईन."

"गावात पण होईन."

"गावाचं मी सांगू नाई शकत. पण तिचं रक्त नाई गेलं तं तो तिथंच राहीन. नंबर लावून ठेवला आहे त्याले. नाव नाई."

आई बाहेर आली. माझ्यासमोरून गेली, पण तिनं मला पाहिलं असेल असं वाटत नाही. ती थेट मागच्या बाजूला चुलीपाशी गेली, नर्सबाई आणि मी मागोमाग. नणंद खाली मान घालून तांदूळ धूत होती. या दहा दिवसांत मी तिला मोठ्यानं रडताना पाहिलं नव्हतं. आत्यानं रडावं तेवढंच ती रडली होती.

"बाई, चाला," आई नणंदेला म्हणाली.

"कुठी?"

"हात द्याले."

नणंदेनं तिच्याकडं पाहिलं, मग तिच्यामागं उभ्या असलेल्या नर्सबाईंकडं. तिचे ओले हात तसेच वर राहिले. "वयनी, मी कधी म्हनलं नाई तो माहा आहे म्हनून. चोवीस वर्षांत एकदा नाई."

"मालूम आहे," आई म्हणाली. "आता म्हना."

उपकेंद्रात बाईंनी त्या दिवशी घरातल्या सगळ्यांचं रक्त घेतलं. बापाचं पुन्हा, आईचं पुन्हा, आत्याचं, आत्याच्या मोठ्या लेकीचंही. लागणार होतं एकीचंच. पण दारात गाव जमलं होतं, आणि त्या गावासमोर एकट्या एका बाईला त्या खुर्चीवर बसवायचं बाईंना पटत नव्हतं. आईनं या वेळीही सर्वांत आधी हात पुढं केला. बाईंनी तितक्याच काळजीनं घेतलं, तितकाच कापूस लावला.

कंपनीची मुलगी फॉर्म भरत होती. आत्याचं नाव लिहून ती थांबली. "नातं काय लिहू?"

"आई लिही."

"मग पहिल्या फॉर्मवरचं आईचं नाव काटायचं का?"

"ते काऊन काटतं?" नर्सबाई एकदम चिडल्या. "त्याले टाचणी लाव आणि दोन्ही पाठव. तुह्या कंपनीले म्हनाव, पुढच्या येळी दोन रकाने ठेवा."

मुलगी हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं टाचणी लावली. तिसरा कागद नर्सबाईंनी स्वतः लिहून जोडला. जन्माची नोंद मी केली आहे, ती चुकीची आहे आणि करताना मला ते ठाऊक होतं. खाली सही आणि हुद्दा. त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते. त्या कागदाचा परिणाम काय होईल हे आम्हा दोघांनाही समजत होतं.

"न लिहिता चाललं असतं कदाचित," मी म्हणालो.

"रक्त जुळंन, मंग विचारतीन कागदावर दुसरी बाई कशी. तवा या दोघींले उभं करतीन चौकशीत. मले उभं करू द्या. मी बसून घेईन."

त्या दिवशी मी बातमी पाठवली, नातेवाइकांचे नमुने पुन्हा घेतले. हेही खरं होतं. पुरं नव्हतं.

त्यानंतर सहाव्या दिवशी नमुना जुळल्याचा निरोप आला. पेटी नागपूरहून रुग्णवाहिकेनं आली. त्याआधी बाईंनी घरच्यांना बसवून सगळं सांगितलं होतं. पेटी उघडायची नाही. ती जड असेल, पण ते वजन लाकडाचं आहे. वर चिठ्ठी असेल, तिच्यावर त्याचं नाव असेल, नंबर नसेल. बापानं तेवढंच दोनदा विचारून घेतलं, नाव असेल ना. पेटी उतरवल्यावर त्यानं आधी चिठ्ठी शोधली. त्याला वाचता येत नव्हतं. कंपनीच्या मुलीनं त्याचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं.

डोक्याशी आई बसली. नणंद बायकांमध्ये मागं उभी राहिली, जिथं आत्या उभी राहते तिथं. गावानं काही पाहिलं नाही, काही विचारलं नाही. पारावरची म्हातारी माणसं मात्र त्या बातमीनंतर पहिल्यांदा उठून अंगणात आली आणि शेवटपर्यंत थांबली.

नर्सबाईंना महिन्याभरात खुलासा मागणारं ज्ञापन आलं. त्यांनी उत्तर एका ओळीत दिलं. ते मी वाचलं आहे. त्यात सबब नव्हती. चौकशी चालू असतानाच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ झाला नाही. उपकेंद्राची किल्ली नव्या सिस्टरच्या हातात देऊन, कुठल्या वाडीत कोणाचे दिवस भरत आले आहेत ते तोंडी सांगून, त्या दुपारच्या बसनं ब्रह्मपुरीला भाचीकडं राहायला गेल्या.

मी एकदोनदा भेटायला गेलो. एकदा विचारलं, त्या रजिस्टरचं आता काय वाटतं?

"चूकच होती," त्या म्हणाल्या. "पण भाऊ, त्या दिवशी बरोबर काय लिहा लागत होतं, ते मले आजही कोणी सांगितलं नाई."

पुढच्या हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी अंगणात ऊन खात बसल्या होत्या, तिथंच.

ब्रह्मपुरीच्या त्या घरी मी पोचलो तेव्हा बरीच माणसं जमली होती. भाचीला त्यातली निम्मी ओळखता येत नव्हती. चाळीस वर्षं गावोगावी हिंडलेल्या बाईची माणसं तिला कशी ठाऊक असणार? कोणी भामरागडहून दोन बस बदलून आले होते. बाराच्या सुमारास तलावाकाठच्या गावाहून नणंद-भावजय आल्या. भावजय पुढं, नणंद एक पाऊल मागं. भाचीनं दारातच रीतीप्रमाणे विचारलं, "तुम्ही बाईच्या कोण?"

"यायनं आमच्या पोराले काढलं होतं," भावजय म्हणाली.

भाची रडून थकली होती, तिला नीट उमगलं नाही. "आमच्या म्हंजे? दोघींपैकी कोणाच्या?"

आजूबाजूला बारा माणसं होती. यावेळी मी नीट मोजली. नणंदेनं खाली पाहिलं. भावजयीनं मागं हात करून तिचं मनगट धरलं आणि तिला आपल्या बाजूला ओढून घेतलं.

"हिनं जनला, मी वाढवला," ती म्हणाली. "आमच्या दोघींच्या."

भाची सरकली आणि बाईंच्या उशाशी दोघींना बसायला जागा करून दिली.